वार्षिकांक कोणाचा? : मिलिंद, हॉवर्ड आणि वगळलेले पान

पेठच्या बस स्टँडजवळ माझे झेरॉक्स आणि डीटीपीचे दुकान आहे. माझे शिक्षण बारावीला थांबले. पुढचे वाचन झाले ते गिऱ्हाईक नसताना दुकानाच्या स्टुलावर, किंवा शनिवारी सावळघाट ओलांडून नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन. संशोधक हा शब्द मी स्वतःसाठी जरा बिचकतच वापरतो. मात्र एका गोष्टीचा माझा अनुभव प्राध्यापकांपेक्षा जास्त असावा. गेली वीसेक वर्षे दर फेब्रुवारी-मार्चमध्ये या डोंगराळ भागातल्या महाविद्यालयांचे वार्षिकांक माझ्याकडे अक्षरजुळणीला येतात. प्राचार्यांचे मनोगत, संपादकीय, मग मराठी, हिंदी, इंग्रजी विभाग, शेवटी जिमखान्याचा अहवाल आणि रंगीत फोटो. क्रम पाठ आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका अंकात दुसऱ्या वर्षाच्या मुलाचा लेख होता. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही, मुलाचेही नाही. लेख वसतिगृहाबद्दल होता. शिष्यवृत्ती वेळेवर न आल्याने महिनाअखेरीला मुले काय खातात, गावाहून नागलीचे पीठ कोण आणतो, कोणाची आई वरई पाठवते, याचा त्यात साधा हिशेब होता. रागाचा एकही शब्द नव्हता. अंक छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी फोन आला, "पान बेचाळीस-त्रेचाळीस काढा, तिथे स्नेहसंमेलनाचे फोटो लावा." मी काढले. बटण माझ्याच बोटाने दाबले. अंक वेळेवर गेला आणि बिलही वेळेवर मिळाले.

तो लेख मनात राहिला. पुढे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांबद्दल वाचू लागलो, तेव्हा आपल्याकडच्या 'दलित साहित्य आणि ब्लॅक लिटरेचर' या ठरलेल्या तुलनेत काहीतरी सुटते आहे असे वाटले. ते काय सुटते, हे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रभावाची गोष्ट

मराठी समीक्षेत ही तुलना बहुधा प्रभावाच्या अंगाने होते. तिची मांडणी साधारण अशी असते: म. ना. वानखेडे अमेरिकेत राहून डॉक्टरेट करून आले, तिथल्या नीग्रो साहित्याची ओळख त्यांनी इथल्या तरुणांना करून दिली, मग औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात चर्चा झाल्या, 'अस्मिता' निघाले, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. तिचे नाव सरळ अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. १९७८ मध्ये जनार्दन वाघमारे यांचे 'अमेरिकन नीग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक आले आणि तुलनेला अभ्यासाचा आधार मिळाला.

यातले तपशील खरे आहेत. पण त्यांतून निघणारा अर्थ तपासायला हवा. बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. बागूल आमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या विहितगावचे, पुढे मुंबईच्या झोपडपट्टीत वाढलेले. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ ची. १९५८ मध्ये मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले तेव्हा उद्घाटनाला अण्णा भाऊच होते. त्याच्याही आधी आंबेडकरी जलशांनी गावोगावचे माळ जागे केले होते. म्हणजे अमेरिकेहून ठिणगी आली आणि इथे जाळ पेटला, असे झालेले नाही. जाळ होताच. अमेरिकेहून आले ते एक भावंड असल्याचे कळणे.

हे भावंडपण बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. न्यूयॉर्कमधला हार्लेम हा भाग तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. ड्युबॉइस यांचे उत्तरही आले. त्या पत्रव्यवहारात कोणी गुरू नाही, कोणी शिष्य नाही. एकाने चालवलेला दावा दुसऱ्याने समजून घ्यायचा, एवढेच.

म्हणून कोणाचा कोणावर प्रभाव, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. अक्षरजुळणी करणाऱ्याला सुचणारा प्रश्न वेगळा असतो: लिहिणारा पहिल्यांदा छापला कुठे गेला, आणि ते पान कोणाच्या मालकीचे होते?

फिस्क आणि हॉवर्ड

ड्युबॉइस यांचेच घ्या. १९१० पासून त्यांनी 'द क्रायसिस' हे मासिक चालवले, हे आपल्याकडेही माहीत असते. पण संपादक ते त्याच्या खूप आधी झाले होते. १८८८ मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातून पदवीधर होण्यापूर्वी ते तिथल्या 'फिस्क हेराल्ड' या विद्यार्थी नियतकालिकाचे संपादन करत होते. गुलामगिरी संपल्याबरोबर, १८६६ मध्ये सुरू झालेली ही संस्था. तिच्या पहिल्या वीस-बावीस वर्षांतच विद्यार्थ्यांच्या हातात छापील पान होते.

झोरा नील हर्स्टन यांचेही तसेच. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात 'स्टायलस' नावाचे साहित्य मंडळ होते. अ‍ॅलन लॉक हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक त्याच्या मुळाशी होते. त्या मंडळाच्या अंकात मे १९२१ मध्ये हर्स्टन यांची पहिली कथा आली, 'जॉन रेडिंग गोज टू सी'. कथेतल्या मुलाला समुद्रावर जायचे आहे. आधी आई अडवते, मग बायको अडवते. शेवटी पुरात तो वाहून जातो आणि त्याचे प्रेत नदीतून समुद्राकडे निघते. जिवंतपणी घडला नाही तो प्रवास मेल्यावर घडतो. शेवट जरा ओढून आणलेला आहे, नवखेपणा लपत नाही. पण माणसे बोलू लागली की कथा उभी राहते, कारण ती फ्लोरिडातल्या कृष्णवर्णीय खेड्याच्या बोलीत बोलतात. शिकल्यासवरल्यांच्या विद्यापीठात, शिकल्यासवरल्यांच्या मासिकात, ही बोली दुरुस्त न करता छापली गेली. पुढे १९३७ च्या 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' या कादंबरीत हर्स्टन यांनी त्याच बोलीला जे सामर्थ्य दिले, त्याचा पाया त्या विद्यार्थी अंकात आहे.

'स्टायलस' मात्र प्राध्यापकांच्या पंखाखालचे होते. हर्स्टन तिथे थांबल्या नाहीत. जानेवारी १९२४ मध्ये त्यांनी लुई युजीन किंग या सहाध्यायाबरोबर 'द हिलटॉप' हे वृत्तपत्र काढले. ते आजही निघते. मला महत्त्वाचा वाटतो तो या दोन प्रकाशनांमधला फरक. एकात कथा-कविता येत आणि शिक्षक त्या निवडत. दुसऱ्यात बातम्या येत आणि विद्यार्थी भांडत. हॉवर्डमध्ये दोन्ही होते. साहित्याला एक घर होते, तक्रारीला दुसरे.

तक्रारीचे घर सहज टिकत नाही, हे त्याच सुमारास फिस्कमध्ये दिसले. फिस्कचे तेव्हाचे अध्यक्ष फेयेट मॅकेन्झी यांनी शिस्तीच्या नावाखाली 'फिस्क हेराल्ड' बंद केले होते. संस्था कृष्णवर्णीयांसाठी, विद्यार्थी कृष्णवर्णीय, आणि तरीही विद्यार्थ्यांचे पान संस्थेला नको होते. जून १९२४ मध्ये ड्युबॉइस आपल्या या जुन्या संस्थेत बोलायला गेले आणि समोर बसलेल्या अध्यक्षांवर त्यांनी उघड टीका केली. मग न्यूयॉर्कहून त्यांनी 'फिस्क हेराल्ड' याच नावाने अंक काढले. फेब्रुवारी १९२५ मध्ये विद्यार्थ्यांनी संप केला, एप्रिलमध्ये मॅकेन्झी पायउतार झाले. पीडितांसाठी उभारलेली संस्था पीडितांचेच तोंड बंद करू शकते, हा या घटनेचा धडा आहे. आणि असे झाले की संस्थेवर जीव असणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यानेच बाहेर छापखाना शोधायचा असतो, हा दुसरा.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी हॉवर्डमध्ये याचा पुढचा अंक घडला. मार्च १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारत ताब्यात घेतली. अभ्यासक्रमात कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि जीवन यावे, ही त्यांच्या मुख्य मागण्यांपैकी एक. नेतृत्व करणाऱ्यांत 'हिलटॉप'च्या संपादक एड्रिएन मॅन्स होत्या. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे गोऱ्यांचे बहुमत असलेल्या ठिकाणी, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'नोमो' हे स्वतंत्र पत्र सुरू केले. नाव आफ्रिकेतल्या डोगोन लोकांच्या भाषेतून घेतलेले. मुख्य विद्यार्थी वृत्तपत्र तिथे होतेच, पण त्यात आपली बातमी आली तर ती दुसऱ्याच्या शब्दांत येणार, हे त्या मुलांना कळले होते.

नागसेनवन

आता आपल्याकडे येऊ. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, १९५० मध्ये औरंगाबादला जे सुरू झाले तेच पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेले. औरंगाबादची निवड विचारपूर्वक होती. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, १९४८ मध्ये तो भारतात आला तेव्हा उच्च शिक्षणाची तिथे मोठी उपासमार होती. मिलिंद आणि नागसेन ही नावे पाली ग्रंथातली: प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू. महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आणि परिसराला उत्तर देणाऱ्याचे, ही योजना मला फार अर्थपूर्ण वाटते. केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झालेली होती. तिच्या आणि वसतिगृहाच्या आधारावर गावकुसाबाहेरची मुले पहिल्यांदाच एकत्र, एका छताखाली, पुस्तकांजवळ राहू लागली.

तिथले पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. ते स्वतः दलित नव्हते, पण बाबासाहेबांच्या चळवळीतले जुने सहकारी. त्यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. अस्पृश्यांच्या छळाचा युगानुयुगांचा प्रवास त्यात आहे. मिलिंदच्या मुलांनी ते रंगभूमीवर आणले, आणि १९५६ च्या धर्मांतराच्या वेळी नागपुरातही त्याचा प्रयोग झाला. स्नेहसंमेलनात बसवलेले नाटक लाखोंच्या समुदायासमोर जाते, असे उदाहरण मराठीत दुसरे सापडणार नाही. नाट्यगुणांच्या कसोटीवर त्यात उणिवा दाखवता येतील. पण महाविद्यालयातली सांस्कृतिक हालचाल आणि समाजातली हालचाल यांच्यात तेव्हा भिंत नव्हती, हे त्या एका प्रवासातून कळते.

१९६७ मध्ये मिलिंदमध्ये शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी पुढाकार घेऊन 'अस्मिता' काढले. तेच पुढे 'अस्मितादर्श' झाले आणि पानतावणे यांनी ते आयुष्यभर चालवले. मार्च २०१८ मध्ये ते गेले. त्यांनी बाबासाहेबांच्या पत्रकारितेवर प्रबंध लिहिला, हा योगायोग नव्हे. 'मूकनायक' १९२० मध्ये निघाले तेव्हा बाबासाहेब एका अर्थाने विद्यार्थीच होते. लंडनचे शिक्षण अर्धवट राहिलेले, मुंबईत सिडनहॅम कॉलेजात नोकरी, आणि त्याच वर्षी पुन्हा लंडनला रवाना. शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांवर उभे राहिलेले ते पाक्षिक संपादक परदेशी शिकत असतानाच थकत गेले आणि बंद पडले. शिकणे आणि छापणे यांची ओढाताण आपल्या परंपरेत पहिल्या पावलापासून आहे. पानतावणे यांनी ती अभ्यासली होती. त्रैमासिकाचा संसार अर्धशतक रेटताना तो अभ्यास त्यांच्या कामी आला असणार.

'अस्मितादर्श'चे समीक्षेच्या दृष्टीने मोल काय? अनेक दलित कवींची पहिली कविता तिथे आली, हे नेहमी सांगितले जाते. मला त्याहून मोठे वाटते ते हे, की नवख्याचे लेखन आणि त्यावरची चर्चा यांना तिथे शेजारी जागा मिळाली. लेखक-वाचक मेळावे भरले. बोलीतला शब्द चूक की बरोबर, हे पुण्या-मुंबईच्या संपादकाला विचारावे लागले नाही. हॉवर्डच्या 'स्टायलस'ने हर्स्टनसाठी जे केले, ते 'अस्मितादर्श'ने एका संपूर्ण पिढीसाठी केले. म्हणजे तुलना करायचीच तर लॉक आणि पानतावणे यांची करावी. लेखकाला लेखक होण्याआधी ओळखणारे शिक्षक, हा दोन्हीकडचा समान धागा आहे.

उसने पान आणि स्वतःचे पान

मात्र इथेच फरकही सुरू होतो, आणि माझ्या मते आपल्या तुलनेत सुटते ते हेच. मिलिंदच्या परंपरेला 'स्टायलस' मिळाले, 'हिलटॉप' मिळाले नाही.

आपल्याकडे महाविद्यालयीन मुलाच्या हातात येणारी छापील गोष्ट म्हणजे वार्षिकांक. वर्षातून एकदा निघणारा. शिष्यवृत्ती ऑगस्टमध्ये अडली तर तिची बातमी मार्चमध्ये देऊन काय उपयोग? वार्षिकांकात म्हणूनच बातमी नसते. असतात त्या आई, पाऊस, मैत्री यांवरच्या कविता. मुलांना दुसरे काही सुचत नाही असे नाही. वर्षाने छापून येणार हे माहीत असले की माणूस वर्षभर टिकेल असेच लिहितो. साहित्याचा प्रकार प्रतिभेइतकाच छपाईच्या वेळापत्रकाने ठरतो, हे मी अक्षरजुळणी करणारा म्हणून खात्रीने सांगतो.

दुसरी गोष्ट पैशांची. अंकाची वर्गणी प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याकडून फीमध्येच घेतली जाते, पण अंक कसा असावा हे तो ठरवत नाही. संपादक प्राध्यापक असतात, विद्यार्थी संपादक नेमलेला असतो. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाराष्ट्रात विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुका थांबल्या आणि गुणवत्तेनुसार नेमणुका आल्या. निवडणुकांतली मारामारी त्यामुळे थांबली, हे मान्य. पण निवडून आलेल्या मुलाला प्राचार्यांसमोर बसून 'हे पान राहील' असे म्हणता येत होते. नेमलेल्याला ते जड जाते.

मग मराठीतल्या दलित विद्यार्थ्याची तक्रार गेली कुठे? ती महाविद्यालयाबाहेर गेली. काही मुंबईच्या अनियतकालिकांत गेली, काही पँथरच्या पत्रकांत. राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा गाजलेला लेख १५ ऑगस्ट १९७२ च्या निमित्ताने 'साधना'त आला, म्हणजे दुसऱ्याच्या साप्ताहिकात. त्याआधी १९६९ मध्ये औरंगाबादच्या 'मराठवाडा' दैनिकाच्या दिवाळी अंकाने दलित साहित्यावर चर्चा घडवून आणली होती. दलित साहित्याच्या इतिहासात तिचे महत्त्व मोठे आहे, आणि दिवाळी अंक काय करू शकतो याचा तो उत्तम नमुना आहे. पण पुढचे पाहा. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, गावेच्या गावे पेटली, दलित वस्त्या जळाल्या. नामांतर व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. या प्रश्नावर त्याच 'मराठवाडा' दैनिकाची भूमिका विरोधाची राहिली. संपादक अनंत भालेराव स्वातंत्र्यसेनानी, लेखणीचे धनी. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. मुद्दा एवढाच, की साहित्यावर चर्चा करायला मिळालेले पान हक्काच्या प्रश्नावर मिळेलच असे नसते. ते उसने असते. साहित्यापुरती सहानुभूती पुष्कळांकडे असते, खरी परीक्षा बातमीला जागा देताना होते.

'अस्मितादर्श' स्वतःचे होते, पण ते त्रैमासिक होते आणि मुख्यतः साहित्याचे होते. जळत्या आठवड्यात औरंगाबादच्या वसतिगृहांतल्या मुलांना दर आठवड्याला निघणारे, स्वतःच्या हातातले वृत्तपत्र असते तर? इतिहासात 'असते तर'ला फारशी किंमत नाही. पण नामांतराच्या सोळा वर्षांचा इतिहास लिहिताना विद्यार्थ्याचा त्या-त्या दिवसाचा शब्द फार कमी सापडतो. आपल्याला आठवणी मिळतात, आत्मकथने मिळतात. ती नंतरची असतात. मराठी दलित साहित्यात आत्मकथनाला एवढे मोठे स्थान का मिळाले, याची कारणे अनेक आहेत. त्यांत एक हेही असावे, की त्या-त्या वेळी लिहून छापायला जागा नव्हती, म्हणून सगळे साठवून नंतर एकदम लिहावे लागले. हा माझा तर्क आहे. जाणकारांनी तो तपासावा.

यावर एक आक्षेप येईल. अमेरिकेतल्या त्या विद्यापीठांकडे पैसा होता, माजी विद्यार्थी होते, इंग्रजी होती. मिलिंदची तुलना त्यांच्याशी करणे अन्यायाचे आहे. मला तसे वाटत नाही. गुलामगिरी संपल्यावर वीस वर्षांनी फिस्ककडे काय श्रीमंती असणार? विद्यार्थ्याला पान दिल्याने संस्थेचे फारसे काही खर्च होत नाही. संस्थेला फक्त टीका ऐकायची तयारी लागते. आणि मॅकेन्झी यांचे उदाहरण सांगते की ती तयारी तिकडेही आपोआप नव्हती, मुलांनी ती करायला लावली.

डोंगरातल्या वार्षिकांकांत

हे सगळे पेठला बसून का लिहायचे? पेठ तालुका कोकणा, महादेव कोळी, वारली यांचा. मिलिंदने दलितांसाठी जे केले त्याचे आदिवासी रूप अजून पुरते घडायचे आहे. आदिवासी साहित्य संमेलने १९७९ पासून भरत आली आहेत. नंदुरबारकडचे वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा भिलोरी कवितांचा संग्रह १९८७ चा. आमच्याविषयी मंचावरून दुसरेच बोलत राहतात, ही त्यांनी मांडलेली व्यथा आता सर्वांना माहीत आहे. पण मंच कवितेत मागून मिळत नाही. तो बांधावा लागतो, आणि बांधायची पहिली जागा महाविद्यालय असते.

माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत मला दोन प्रकारची काटछाट दिसते. पहिली भाषेची. मुलगी आजीच्या तोंडी डांगी-कोकणी वाक्य घालते, लाल पेनाने ते प्रमाण मराठीत येते. आजी एकदम पाठ्यपुस्तकातल्यासारखी बोलू लागते आणि गोष्ट मरते. सर वाईट हेतूने करत नाहीत. अंक विद्यापीठाच्या स्पर्धेला जायचा असतो, शुद्धलेखनाला गुण असतात. १९२१ मध्ये हर्स्टन यांच्या कथेवर असे लाल पेन फिरले असते तर काय उरले असते, हे मी आता अक्षरे जुळवताना दर वेळी मनात म्हणतो. कधी धीर करून सरांना म्हणतोही. दोनदा ऐकले गेले.

दुसरी काटछाट विषयाची. २०१८ मध्ये सरकारने आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट मुलांच्या खात्यात जमा करण्याचा निर्णय घेतला. त्या जुलैत मुले पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. त्यांना वाटेत, सिन्नरच्या अलीकडे, पोलिसांनी अडवले. या भागातल्या मुलांच्या आयुष्यातली ती मोठी घटना होती. पुढच्या मार्चमध्ये माझ्या दुकानातून गेलेल्या एकाही अंकात तिच्याविषयी एक ओळ नव्हती. ती ओळ कोणी लिहिलीच नाही, की लिहून वगळली गेली, हे अंकावरून कळत नाही. वगळलेल्या मजकुराची जागा फोटो भरून काढतो आणि पान नीटनेटके दिसते.

समीक्षेचा संबंध इथे येतो. आपण छापलेले वाचतो आणि त्यावरून पिढीच्या जाणिवेबद्दल निष्कर्ष काढतो. ग्रामीण-आदिवासी महाविद्यालयांतल्या लेखनाबद्दल 'भाबडे', 'अनुकरणात्मक' अशी विशेषणे मी वाचली आहेत. ज्याने ते लिहिले त्याने वार्षिकांक समोर ठेवला असेल. वार्षिकांक हा विद्यार्थ्याच्या जाणिवेचा पुरावा म्हणून वाचण्याआधी तो संस्थेच्या संमतीचा पुरावा म्हणून वाचायला हवा. मिलिंदच्या बाबतीत तिथल्या शिक्षकांनी ही संमती रुंद केली, म्हणून साहित्य जन्मले. जिथे ती अरुंद आहे तिथे प्रतिभा नाही असे म्हणणे म्हणजे बंद दार पाहून घरात कोणी नाही असे म्हणणे झाले.

आणि जे छापले गेले तेही आपण राखत नाही. 'हिलटॉप'चे जुने अंक हॉवर्डने संगणकावर आणले आहेत. पेठमध्ये, पाऊस नसेल आणि रेंज असेल तर, मी ते मोबाइलवर उघडतो. तशी सोय आपल्याकडच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या वार्षिकांकाची माझ्या पाहण्यात नाही. मला जे जुने अंक मिळाले ते नाशिकच्या रद्दीच्या दुकानांतून, किलोच्या भावाने. हर्स्टन १९६० मध्ये गरिबीत वारल्या, त्यांच्या कबरीवर दगडही नव्हता. १९७३ मध्ये अ‍ॅलिस वॉकर यांनी फ्लोरिडात जाऊन गवतातून ती जागा शोधली आणि दगड बसवला. लेखिकेचे पुनर्वाचन त्यानंतर वाढले. आपल्या पन्नास-साठच्या दशकातल्या वसतिगृहांतून लिहिणाऱ्यांपैकी पुढे नामवंत झाले ते आपल्याला माहीत आहेत. जे शिक्षक, कारकून, बँकेतले कर्मचारी झाले आणि ज्यांनी एकच कविता लिहिली, ते वार्षिकांकांतच आहेत. एखाद्या जिल्हा ग्रंथालयाने जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे अंक गोळा करून त्यांची प्रत काढायचे ठरवले, तर खर्च फार नाही. स्कॅनिंगचा दर मला ठाऊक आहे.

त्या वगळलेल्या लेखाचे सांगायचे राहिले. बटण दाबण्याआधी मी फाइलची एक प्रत ठेवली होती. का ठेवली ते तेव्हा सांगता आले नसते. गेल्या उन्हाळ्यात तो मुलगा दुकानात आला, जातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला. आता सातपूरला एका कारखान्यात कामाला आहे. मी म्हणालो, "तुझा लेख आहे माझ्याकडे." त्याला आधी आठवेना. मग म्हणाला, "दादा, तो तर आलाच नव्हता ना. मला वाटलं चांगला नसेल."

एवढी वर्षे तो असेच समजत होता. लेख चांगला होता, हे मी त्याला सांगितले, आणि पान कोणी काढले तेही. तो काही बोलला नाही. प्रिंट मात्र मागून घेतली, घडी करून दाखल्याच्या पाकिटात ठेवली. पैसे देऊ लागला, ते मी घेतले नाहीत.

दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर आता मी एक फळा लावला आहे. भित्तिपत्रक म्हणा. मुलांनी आणून दिलेले दर सोमवारी त्यावर लागते, त्यांच्या अक्षरात, त्यांच्या बोलीत, लाल पेनाशिवाय. गेल्या सोमवारी शिष्यवृत्तीच्या तारखांबद्दल एक चिठ्ठी होती आणि बाजूला भात लावणीवर एक कविता. बसची वाट पाहणारी माणसे दोन्ही वाचत होती.